हिरवा सेनापती

गजू,

परवा दसरा झाला आणि काल दिवसभर मी दुकानाच्या दाराकडे बघत बसले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू अकोल्याच्या बसने येतोस, पायरीशी चपला काढतोस, खिशातली आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवतोस आणि म्हणतोस, "घ्या ताई सोनं. आता दाखवा माल." खेळण्यांच्या दुकानात कोणी चपला काढतं का रे? किती वर्षं सांगितलं, ऐकलं नाहीस. काल तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तुझ्या तेरवीला जेवून आलेय मी. तरी बघत बसले. एक गिऱ्हाईक दोनदा हाक मारून कंटाळून निघून गेलं.

लिहायला बसलं की माझी शाळेतली मराठी बाहेर येते. तू असतास तर म्हणाला असतास, "कावो ताई, तुमी पुन्यावाल्या कवापासून झाल्या?" हस तू. मला आता रागही येत नाही. खोटं बोलले, थोडा येतोय. पन्नाशीसुद्धा न गाठता वावरातून येऊन, तांब्याभर पाणी पिऊन, बसल्या जागी मान टाकायची ही काय पद्धत झाली? गणपती नुकते उठले होते. तुझा झेंडू वावरात कळीला आला होता. इतक्या घाईनं तू आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतंस. म्हणजे शेवटच्या काही वर्षांत तरी नाही.

अकोल्याच्या जठारपेठेत तुला हारवाला गजू म्हणून सगळे ओळखतात. बार्शीटाकळीच्या रस्त्याला तुझं वावर, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध. मी अमरावतीची, अंबादेवीच्या रस्त्यावर खेळणी आणि वह्या-पेनं विकणारी. आपलं ना नातं ना गाव एक. आपली गाठ घातली ती एका कार्टूननं. आपल्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'तारादल' लागायचं. परदेशातलं, हिंदीत बोलणारं. सेनापती, वैद्य, हेर, लोहार अशी लोखंडी माणसं आकाशातून यायची आणि अर्ध्या तासात सगळं ठीक करून जायची. तू ते शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहायचास आणि मी मामाच्या घरी. त्यांची खेळणी एका कंपनीनं रीतसर हक्क घेऊन काढली होती. प्रत्येकाच्या तळपायावर लायसन्सचा शिक्का. ज्याच्या पायावर शिक्का तो असली, नाही तो बोगस. इतकी सोपी दुनिया होती आपली.

पहिल्या भेटीतच मी तुझं मन मोडलं होतं, आठवतं? तू रुमालात गुंडाळलेला सेनापती काढलास आणि विचारलंस, "ताई, याच्या जोडीचे बाकीचे भेटतीन का?" मी तो उलटा केला, पाय पाहिला आणि ताडकन सांगितलं, "हा डुप्लिकेट आहे. सेनापती निळा असते. हा हिरवा कुठून उचलला? याले शिक्का बी नाही." तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तू तो परत रुमालात बांधलास, सावकाश, गाठ मारून, आणि म्हणालास, "बाबानं आनला होता, बार्शीटाकळीच्या बाजारातून, भाजी इकून झाल्यावर. त्याले काय मालूम निळा का हिरवा. मी म्हनलं सेनापती पायजे, त्यानं सेनापती आनला." मग रुमाल खिशात घालत, "बाकीचे मात्र शिक्केवाले द्या." त्या दिवशी तू वैद्य घेऊन गेलास.

मग आपल्या दोघांनाही येड लागलं. दुसरं नाव नाही त्याला. नव्या कंपनीनं 'तारादल'चे हक्क घेतले, जुना सगळा माल नव्यानं निघाला. लहानपणी जे खिडकीतून पाहिलं होतं ते आता हात लांबवला की मिळत होतं. तू पंधरा दिवसांआड यायचास. मधल्या दिवसांत फोन. "ताई, आला का?" काय आला, कोण आला, सांगायची गरज नव्हती. तू आत शिरायचास, तीन पॅक उचलायचास, आणि परतीची बस चुकेल म्हणून चहा अर्धा टाकून पळायचास. माझं तर विचारूच नको. मी दुकानदार म्हणून मागवायची आणि कार्टूनवेडी म्हणून ठेवून घ्यायची. गोडाऊन भरलं, पलंगाखालची जागा भरली, फ्रिजवर डबे चढले. एकदा मी मोठ्या तोऱ्यात तुला हेराचं उडतं यान दाखवलं. तू म्हणालास, "हे त तुमच्यापाशी आहे." मी म्हटलं, नाही. "पलंगाखाली पाहा बरं." पलंगाखाली एक नाही, दोन निघाली! तू जमिनीवर बसून उचकी लागेस्तोवर हसलास. त्या दिवशी मी तुला चहा दिला नाही, आणि बरं केलं.

आपलं कायमचं भांडण पॅकचं. मी म्हणायची, सीलबंद ठेव, उघडलं की त्याची किंमत गेली. तू म्हणायचास, "ताई, हार डब्यात ठेवून कोनी देवाले घालते का?" एकदा जुन्या छपाईच्या पॅकमधला हेर हाती लागला. अस्सल, कागदाला सुरकुती नाही, प्लास्टिकला ओरखडा नाही. तो मला स्वतःलाच ठेवायचा होता. पण तू असा काही बघत राहिलास की मी दिला. एकाच अटीवर, उघडायचा नाही. तू तुळशीची शपथ घेतलीस. आणि दसऱ्याला मला फोटो पाठवलास. पाटावर फावडं, विळा, तराजू, फवाऱ्याचा पंप, हार ओवायची लांब सुई, त्यांच्या शेजारी सगळं तारादल, आणि मधोमध माझा हेर. त्याच्या कोऱ्या करकरीत पॅकवर हळदीकुंकवाची ही एवढी बोटं, वर अक्षता चिकटलेल्या, झेंडूचा ओला डाग पार नावावर उतरलेला. मी फोनवर किंचाळले. शेजारचा कटलरीवाला धावत आला, त्याला वाटलं दुकानात साप निघाला.

"उघडला कुठी?" तू आपला शांत. "तुमी म्हनल्या उघडू नको. नाई उघडला."

"अरे, मग प्लास्टिकची पिशवी त घालाची!"

"देवाले पिशवीतून दिसन का, ताई?"

मी फोन ठेवला. हे फक्त तूच करू जाणे. जगात लोक असल्या पॅकला हातमोजे घालून हात लावतात, आणि तुझ्या घरी त्याची फावड्याशेजारी पूजा होते.

त्यानंतरच्या वर्षी तू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलास आणि सोनं देऊन म्हणालास, "ताई, आता वर्षाचा एक."

मला वाटलं, बायकोनं दटावलं. "काहून? सुनंदा रागावली का?"

"ते कायले रागावते. मीच." मग तू स्टुलावर बसलास आणि मला पाणी वळवायचं शिकवायला लागलास. "वाफ्यात पानी सोडलं का आपुन पाहत राह्यतो. वाफा भरला का फावडं मारून पानी पुढच्या वाफ्यात वळवा लागते. नाई वळवलं त जे झाड वाढवाले पानी सोडलं तेच सडते. माहा हा वाफा भरला."

मला असा संताप आला म्हणून सांगू! आपण दोघं मिळून चाललो होतो आणि तू मध्येच रस्त्याच्या कडेला बसलास. मी म्हटलं, "भरला? सेनापतीची जागा खाली आहे अन म्हने वाफा भरला!"

"खाली कुठी आहे? हिरवा आहे ना."

"तो नकली आहे, गजू! सगळे शिक्केवाले अन त्याइच्या म्होरं हा बोगस. चांगला दिसते का?"

"तो पयला आला, ताई." आणि वर मला म्हणतोस, "तुमचाबी भरला. तुमचं त पानी रस्त्यावर आलं."

मी दिवाळीपर्यंत तुझा फोन उचलला नाही. दिवाळीत एका कंडक्टरच्या हाती तू शेवंतीची वेणी पाठवलीस, चिठ्ठी नाही, निरोप नाही. माझे केस बॉबकट आहेत हे तुला माहीत होतं. मी ती वेणी काउंटरवरच्या गणपतीला घातली आणि तुला फोन केला. पण विषय काढला नाही. तूही काढला नाहीस.

आता मला सांगू दे, कारण ऐकायला तू नाहीस आणि नाक वर करून हसायलाही नाहीस. तू पंधरा दिवसांआड यायचास त्या वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही. कोणता पॅक कधी नेलास, काय बोललो, काही नाही. पण वर्षातून एकदा यायला लागलास ते सगळे दिवस आठवतात. सकाळी यायचास ते दुपार कलेस्तोवर एक खेळणं निवडत बसायचास. हा हातात घे, तो घे, याचा खांदा हलतो का बघ, त्याच्या पायाचा शिक्का बघ. मध्ये मी डबा उघडायची, तू सुनंदानं दिलेली दसऱ्याची पुरणपोळी काढायचास. तू मला निशिगंध कसा लावतात ते सांगितलंस. माझे यजमान गेले तेव्हाचं मी कोणाला न सांगितलेलं तुला सांगितलं. तू लोहाराचा हात वरखाली करत ऐकत राहिलास. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी. आणि शेवटी निवडलेला तो एक घेऊन तू जायचास. बस बडनेऱ्याला पोचायच्या आत पॅक फोडलेला असायचा, हे मला ठाऊक आहे. तुझा फोटो यायचा, खिडकीच्या गजाला टेकलेला लोखंडी माणूस आणि मागे पळणारं कपाशीचं वावर.

मग निळा सेनापती आला. एका हौशी माणसानं आपला सगळा संग्रह मोडला, त्यात तो निघाला. जुनी छपाई, सीलबंद, पायावर शिक्का. दुसरं कोणी मागेल म्हणून मी तो काउंटरखाली दडवला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर ठेवला. तू कितीतरी वेळ हातात धरून बसलास. प्लास्टिकमधून त्याचा पाय बघितलास. मला वाटलं, आता रडतो की काय हा. तू तो माझ्याकडे परत सरकवलास. "झकास आहे. ठेवा." आणि लोहाराची हातगाडी घेऊन गेलास!

त्यानंतर दरवर्षी तोच तमाशा. मी सेनापती काढून ठेवायची, तू त्याला विचारायचास, "काय सेनापती, बरे आहा ना?" आणि दुसरंच काहीतरी निवडायचास. मी चिडायची. फुकट घे म्हटलं, तर म्हणे फुकट बिलकुल नाही. विकत घे म्हटलं, तर म्हणे वर्षाचा एक झाला. काहून घेत नाहीस, मुद्द्याचं बोल, असं मागच्या वर्षी मी काउंटरवर हात आपटून विचारलं. तू चपला घालता घालता म्हणालास, "पुढच्या साली सांगतो." पुढचं साल कालचं होतं, गजू.

तेरवीला सुनंदानं मला आत नेलं. कपाटाचं दार उघडून म्हणाली, "ताई, हे सगळं तुमी न्या. यातलं मले काई समजत नाई. तुमाले याइची किंमत आहे." मी बघतच राहिले. एकेक लोखंडी माणूस पुसून लख्ख ठेवलेला, पॅक नाही, डबा नाही, सगळे मोकळे. माझा हेर तेवढा पॅकमध्ये, कुंकवासकट. आणि सगळ्यांच्या पुढे तो हिरवा. खरं सांगते, जुन्या मला ते सगळं हवं झालं असतं. पलंगाखाली जागा केली असती. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच होतं. निळा सेनापती आणून त्या जागी ठेवायचा, म्हणजे तुझं दल पुरं होईल. तुझ्यासाठी एवढं तरी करायचं. मी सुनंदाला म्हटलं, आत्ता काही हलवू नको, दसऱ्याला येते.

म्हणून दसऱ्याला पहाटे दुकान बंद ठेवून मी सेनापती पिशवीत घालून निघाले. मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हाही पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. जठारपेठेत पोचले तर सुनंदा तुझ्या जागेवर, झेंडूच्या ढिगामागे बसलेली. सण नव्हता तुमच्या घरी यंदा, पण तू लावलेला झेंडू थोडाच थांबणार होता? तिनं अंधारात उठून तोडला होता. मीही बसले शेजारी. मला तराजू धरता येत नाही हे दहा मिनिटांत अख्ख्या चौकाला कळलं. एक बाई म्हणाली, "ताई, जराक जास्तीचे टाका ना." मी म्हटलं, "आता काय झाडं उपटून देऊ का?" सुनंदा हसली, गजू. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली असं म्हणाली. फूल न् फूल विकलं आम्ही.

तू म्हणायचास, फुलवाल्याचा दसरा सगळ्यांच्या मागून. दुपार टळल्यावर घरी आलो. सुनंदा म्हणाली, "सन नाई करून राहिलो. पन हत्याराइले हात जोडल्याबिगर उद्या वावरात कसं जावं?" पाट मांडला. फावडं, विळा, तराजू, पंप, सुई, आणि कपाटातलं सगळं दल तिनं आणून ओळीनं मांडलं. मी पिशवीतून सेनापती काढून मध्ये ठेवला. कुंकवाचा करंडा हातात घेऊन ती थांबली. "तुमी लावा ताई. माह्या हातचं आता..."

"तुह्या हातचं काय? झेंडू कोनाच्या हातानं तोडला? लाव तू. कोनी बोललं त माह्याकडं पाठव."

तिनं लावलं. फावड्याला, तराजूला, सुईला, एकेका लोखंडी माणसाला. हिरव्या सेनापतीला आधी पदरानं पुसलं आणि मग लावलं. निळ्याच्या पॅकपाशी येऊन ती परत थांबली आणि माझ्याकडे घाबरून बघायला लागली. "यावर नको ना? मागं तुमी किती बोलल्या होत्या त्याइले."

"लाव," म्हटलं.

कोऱ्या पॅकवर, थेट नावावर, लाल बोट उमटलं. माझा जीव जरासा कळवळला, लपवत नाही. पण किंचाळले नाही. नोंद घे.

मग मी निळा उचलला आणि कपाटापाशी गेले. सुनंदानं हिरव्याला त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं होतं. मी म्हटलं, "याले जराक बाजूले घेतो. हा असली आहे, गजूले पायजे होता."

सुनंदा म्हणाली, "पायजे होता? ते त म्हनत, तो माहाच आहे."

"माहाच म्हंजे?"

"म्हनत, माहा सेनापती ताईच्या दुकानात राह्यते. वर्षातून एक डाव भेटाले जातो त्याले. इथी आनला त हिरव्याले उठवा लागन, अन मंग ताईकडं कोनाले भेटाले जाऊ?"

मी निळा हातात घेऊनच खाली बसले आणि रडले. तुझ्या तेरवीला रडले नव्हते. सुनंदानं पाणी आणून दिलं आणि माझ्याशेजारी बसली. मला त्या वेळी तुझा राग आला आणि तू भेटलास याचा इतका आनंदही झाला, एकाच वेळी. इतकी वर्षं मी निळ्याला पडून राहिलेला माल समजत होते.

तू जिंकलास असं समजू नकोस. पॅकचं भांडण अजून बाकी आहे, मी ते वर आल्यावर पुरं करीन. पण काल संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी पलंगाखालचं एक यान काढलं, दोनपैकी एक, आणि फोडलं. पंख हलतात त्याचे. बटण दाबलं की दिवा लागतो. मला माहीतच नव्हतं. मुंबईच्या माणसाचा फोन आला, नवा माल सांगत होता, त्याला म्हटलं दुकानापुरता पाठव, माझ्यासाठी ठेवू नको. वर्षाचा एक घेईन. केव्हा घेणार विचारलं त्यानं, मी म्हटलं, दसऱ्यानंतर.

तुझं कपाट सुनंदाकडेच आहे. मी काही आणलं नाही. निघताना तिला सांगितलं, पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं घेऊन अमरावतीला ये, दिवसभर बस, आवडेल तो एक निवड. ती म्हणाली, "मले कुठी समजते त्यातलं." मी म्हटलं, त्यालेही पहिल्यांदा समजत नव्हतं. येते म्हणाली. चपला बाहेर काढू नको, एवढं मात्र बजावलं.

निळा सेनापती परत माझ्या काउंटरखाली आहे, कुंकवासकट. बरा आहे तो. आणि तुझा हिरवा आहे तिथंच आहे, गजू. मी हात लावला नाही.